तीन पोलीस आणि पवईचा करार

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, एवढी वर्षं पोलिसात काढलीत, दिवाळी अंकासाठी एखादा खून लिहा ना." खून मी पाहिले आहेत, पण ते माझे नव्हेत, तपास करणाऱ्या साहेबांचे. माझी बरीचशी नोकरी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर गेली. तुम्ही पोलीस ठाण्यात शिरलात की समोर एक माणूस मान खाली घालून काहीतरी लिहीत असतो आणि वर न बघता "बोला" म्हणतो, तो ठाणे अंमलदार. आमच्या ठाण्यात ती मी होते. नाव सुनंदा परब, हुद्दा सहायक फौजदार, ठाणं अंधेरी पूर्वेचं. यंदाच निवृत्त झाले.

खुनाऐवजी मी एका कागदाची गोष्ट सांगते. साडेतीन वर्षांपूर्वी तो कागद आम्हा तीन पोलिसांपुढे आला आणि पंधरा दिवस आम्हाला नीट जेवण गेलं नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पोलिसाला युनियन नसते. संप नाही, मोर्चा नाही, मागणीपत्र नाही. मोर्च्याला आम्ही जातो, पण काठी घेऊन. पगार किती असावा हे आम्हाला कुणी विचारत नाही. वेतन आयोग येतो, सरकार ठरवतं, आम्ही घेतो. अध्येमध्ये महागाई भत्ता वाढतो, पण महागाई पुढे निघून गेलेली असते आणि भत्ता मागून पाय ओढत येतो. त्यामुळे पगारावर वाटाघाट करायची म्हणजे काय, हे पन्नाशी उलटेपर्यंत आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही तिघे म्हणजे मी, हवालदार डॉमनिक आणि हवालदार शिंदे. डॉमनिक मढचा. घरची होडी होती, भाऊ अजून दर्यावर जातात, हा एकटा पोलिसात आला. उंच, शांत माणूस, आरोपीलासुद्धा "अरे बाबा" म्हणून हाक मारणारा. शिंदे साताऱ्याचा, पण घर बदलापूरला. कर्ज काढून घेतलेला फ्लॅट आणि तीन शाळकरी पोरं. बारा तासांची ड्युटी आणि वर जाण्यायेण्याचे चार-पाच तास. मी स्वतः पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होते. नवरा मोहन शाळेची बस चालवायचा, आणि मुलगी अश्विनी आदल्या वर्षीच नर्सिंगच्या पदवीला लागली होती. खाजगी कॉलेज. फीचा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी त्या क्लार्कला म्हटलं होतं, "पूर्ण चार वर्षांची सांगताय ना?" तो म्हणाला, "नाही मॅडम, पहिल्या वर्षाची."

कोविड नुकताच सरला होता. गॅस, तेल, रिक्षा, ट्यूशन, सगळं एकदम वर गेलं होतं. ठाण्याच्या कँटीनमध्ये चहाचा कप लहान झाला होता आणि दाम तेच होते, म्हणजे चहाही महागलाच. शिंदे डब्याऐवजी दोन केळी आणायला लागला. विचारलं तर म्हणायचा, "डाएट करतोय मॅडम." पोट तर आधीच पाठीला लागलेलं.

अशात एक दिवस साळवी साहेब आले. आमचेच जुने इन्स्पेक्टर, निवृत्त होऊन पवईच्या एका सुरक्षा कंपनीत मोठ्या जागेवर बसलेले. तळ्याकाठच्या त्या काचेच्या इमारतींना ही कंपनी सिक्युरिटी पुरवते. साहेबांनी आम्हा तिघांना चहाला बाहेर बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात एक जाड लिफाफा ठेवला.

"वीस वर्षं भरली आहेत तुमची. स्वेच्छानिवृत्ती घ्या, पेन्शन चालू होईल. वर आमच्याकडे सुपरवायझर म्हणून या. तीन वर्षांचा लेखी करार. पगार आत लिहिलाय, बघा."

शिंद्याने तिथेच लिफाफा फोडला. बघून त्याने कागद परत घडी घालून आत ठेवला आणि पाणी प्यायला.

"पंधरा दिवसांत सांगा," साहेब म्हणाले. "जागा तीनच आहेत. रांग मोठी आहे."

आकडा आमच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या जवळपास दीडपट होता, आणि पेन्शन वेगळी. डॉमनिक त्या दिवशी टेबलाशी येऊन मला हळूच म्हणाला, "सुनंदा, एवढे पैसे आपल्याला कोण कशाला देईल गं?" हा खरा पोलिसी प्रश्न होता. पण आम्ही दुसऱ्यांच्या व्यवहारात विचारतो ते आपल्या व्यवहारात विचारत नाही. मी म्हटलं, "अनुभवाचे देतात रे."

घरी मोहनला कागद दाखवला. तो मालवणचा, रागावला किंवा काळजीत पडला की मालवणीवर येतो. आकडा वाचून म्हणाला, "वर्दी तुझी, सही तुझी. पण क्वार्टर सोडूचा लागला तर खंय जातलंव, ता आधी सांग."

मी म्हटलं, "बघू."

पहिल्या आठवड्यात आम्ही तिघंही मनातून सही करून मोकळे झालो होतो. शिंदे तर बदलापूरचा फ्लॅट भाड्याने देऊन चांदिवलीला खोली बघायला लागला. मग म्हशीची भानगड झाली.

आरे कॉलनीतल्या एका गोठ्यातली म्हैस दावं तोडून निघाली. रानातून, रस्त्यावरून, बसगाड्या थांबवत ती सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या हद्दीतल्या एका ऑफिस संकुलात शिरली आणि कारंज्याच्या हौदात जाऊन बसली. गोठ्याचा मालक इकडे ठाण्यात चोरीची तक्रार द्यायला आला, आणि तिकडून संकुलाचा मॅनेजर फोनवर ओरडत होता, "घुसपैठ झाली आहे!" मी डॉमनिकला घेऊन स्वतः गेले. ठाणे अंमलदाराने टेबल सोडायचं नसतं, पण आमच्या ठाण्याच्या साहेबांनाही हसू आवरत नव्हतं, ते म्हणाले, "जा, बघून या."

म्हैस निवांत होती. नोकरीला आलेली पोरं-पोरी मोबाइलवर तिचे फोटो काढत होती. मालकाने "चल गं राणी" म्हटल्यावर ती उठली आणि पाणी ठिबकवत त्याच्या मागे चालू लागली. चोरीचा गुन्हा नाही, घुसखोरीचा नाही, डायरीत चार ओळी लिहिल्या की काम संपलं.

पण गेटवरचा सिक्युरिटी गार्ड रडकुंडीला आला होता. कांबळे म्हणून पन्नाशीचा माणूस. मॅनेजर त्याच्यावर गरजत होता, "आत कशी सोडली? ओळखपत्र तपासायचं काम कुणाचं?"

कांबळे म्हणाला, "साहेब, म्हैस आहे ती. तिच्याकडे ओळखपत्र कुठून असणार?"

मला हसू फुटलं. मॅनेजरला नाही. त्याने माझ्यासमोर सिक्युरिटी कंपनीला फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि फोन ठेवून कांबळ्याला म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

एवढंच. नऊ वर्षं गेटवर उभा राहिलेला माणूस दोन वाक्यांत घरी गेला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुझा काही करार वगैरे आहे की नाही?"

"आहे ना मॅडम. दर वर्षी सही घेतात."

"काय लिहिलंय त्यात?"

"सही जिथे करायची तिथे पेन्सिलने फुली मारलेली असते. बाकीचं वाचायला वेळ कुठे देतात?"

त्याच्या शर्टाच्या खिशावर कंपनीचा बिल्ला होता. आमच्या लिफाफ्यावर होतं तेच चिन्ह.

घरी जाऊन मी लिफाफा काढला आणि पहिल्यांदाच आकड्यापलीकडचं वाचायला बसले. चौदा पानं इंग्रजी. माझं इंग्रजी अर्ज लिहिण्यापुरतं. दोन संध्याकाळी अश्विनीला शेजारी बसवून मी त्याचं मराठी केलं, माझ्या डायरी लिहिण्याच्या अक्षरात. शब्द कळले, पण डाव कळेना. मला फसवणूक कळते, फसवणुकीची तक्रार लिहिता येते, पण ती फसवणूक झाल्यावर. होण्याआधीचा कागद वाचायची विद्या वेगळी.

ती ज्याला येते असा एकच माणूस मला माहीत होता, आणि त्याला मी सात वेळा उचललं होतं.

गोवेकर भाई. अंधेरीत कारखाने होते तेव्हा कामगारांचे पुढारी. आता तिथे काचा आहेत, पण मी नवी शिपाई होते तेव्हा दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गेटवर सभा असायची आणि सभेच्या आधी भाईंना आणून ठाण्यात बसवायचा हुकूम असायचा. प्रतिबंधक कारवाई म्हणतात त्याला. ते स्वतःहून टॉवेल आणि वाचायला पुस्तक घेऊन तयार असायचे. बाकावर बसून मला म्हणायचे, "परबबाई, तुमचं मागणीपत्र कधी देताय?" मी म्हणायचे, "भाई, गप्प बसा, साहेब ऐकतील."

भाई आता मुलुंडला राहतात एवढं ठाऊक होतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी, डॉमनिक आणि शिंदे साध्या कपड्यांत तिथे गेलो. चाळ पाडून बांधलेली इमारत, पाचवा मजला. दार भाईंनीच उघडलं. केस पूर्ण पांढरे, पाठ वाकलेली. मला बघून आत ओरडले, "मंदा, टॉवेल काढ. न्यायला आलेत."

मी मराठीतला करार पुढे केला आणि येण्याचं कारण सांगितलं. भाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तीन पोलीस! करार घेऊन! माझ्या दारात!" मग चष्मा लावला आणि चेहरा एकदम बदलला. पेन्सिल घेऊन ते वाचायला लागले.

त्यांची बायको मंदाताई चहा घेऊन आली. कप ठेवून ती माझ्यासमोर बसली. "मला ओळखलं नाहीत ना तुम्ही?"

मी नाही म्हटलं.

"मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. टाळेबंदी झाली तेव्हा आम्ही बायका गेटवर बसलो होतो. तुम्ही मला दंडाला धरून ओढलंत. मी गटाराच्या कडेवर पडले." तिने उजवं मनगट पुढे केलं. हाड किंचित वाकडं बसलेलं होतं.

मला तो दिवस आठवला. साहेबांनी गेट पाच मिनिटांत मोकळं करा म्हटलं होतं. मी नवी होते, मागे राहिले तर बायकांना जमत नाही म्हणतील, ही भीती होती. एक बाई पडली, हे मी पाहिलं होतं. संध्याकाळी डायरीत मीच लिहिलं होतं, "एका महिला आंदोलकास किरकोळ खरचटले." नाव विचारलं नव्हतं. इतकी वर्षं ती ओळ मला एकदाही टोचली नव्हती, हे आता जास्त टोचलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. डॉमनिक आणि शिंदे खाली बघत होते.

मंदाताई म्हणाली, "तेव्हा म्हणाला असतात तर बरं वाटलं असतं. पण आता म्हणालात तेही वाईट नाही." मग भाईंच्या हातातलं पान ओढून घेत म्हणाली, "द्या इकडे. तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही."

आणि ते तिलाच दिसलं. तिसऱ्या पानावर मीच स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'हा करार तीन वर्षे किंवा कंपनीला गरज असेपर्यंत, यांपैकी जो काळ आधी संपेल तोपर्यंत लागू राहील.'

"हे 'किंवा' बघा," मंदाताई म्हणाली. "तीन वर्षं कुठे आहेत यात? उद्या गरज नाही म्हटलं की उद्याच संपलं. पगार पुढे ठळक दिलाय आणि कधीपर्यंत ते आत लपवलंय."

शिंदे म्हणाला, "पण साहेब तर तीन वर्षं म्हणाले."

"साहेब बोलले. कागद काय बोलतो ते बघ."

मग भाईंनी एकेक दाखवायला सुरुवात केली. कामाचे तास ग्राहकाच्या गरजेनुसार, म्हणजे बाराचे चौदा. पगारवाढ व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार, म्हणजे नाही. आजारपणाचं कुठे नावच नाही. "सरकारी नोकरी सोडलीत की परत जाता येत नाही," भाई म्हणाले. "हे त्यांना माहीत आहे. सही करेपर्यंतच तुमची किंमत. म्हणून जे मागायचं ते आत्ता मागा, आणि तिघांनी एकत्र मागा. एकेकटे गेलात तर एकेकटे परत याल."

डॉमनिकने विचारलं, "आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर तुम्ही अजून पोलीस आहात. बिघडलं काय? आमच्याकडे ते नव्हतं. आम्ही मागायला गेलो तेव्हा आमच्यामागे गेट बंद झालेलं असायचं."

निघताना भाईंनी डॉमनिकच्या पाठीवर थाप मारली. "एक लक्षात ठेवा. मागणी सांगून झाली की गप्प बसायचं. जो आधी बोलतो तो कमी करतो."

मला मनात हसू आलं. हे तर आम्हाला येतं. चौकशीत हेच करतात. एकदा एका सोनाराच्या दुकानातल्या नोकराला मी नुसतं समोर बसवून ठेवलं होतं. एकही प्रश्न विचारला नाही, माझं लिखाण करत राहिले. वीस मिनिटांनी तो आपणहून म्हणाला, "अंगठी चपलेत आहे." मी वर बघून म्हटलं होतं, "बोला."

चौदाव्या दिवशी आम्ही तिघं पवईला गेलो. काचेची खोली, खाली तळं. साळवी साहेब होते आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या शाह मॅडम. घाटकोपरच्या गुजराती, पस्तिशीच्या, मराठी आपल्याइतकंच चोख. त्यांनी पेनं पुढे केली. सहीच्या जागी पेन्सिलच्या फुल्या मारलेल्या होत्याच.

मी एक पान काढून टेबलावर ठेवलं. त्यावर आमच्या चार मागण्या होत्या. "यावर बोलायचंय," मी म्हटलं आणि वाचून दाखवलं. 'किंवा'पासून पुढचं वाक्य काढा, तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. आठ तास ड्युटी, वर लागेल त्याचे पैसे वेगळे. दर वर्षी ठरावीक वाढ, कागदावर. आणि घरच्यांसकट आजारपणाचा विमा.

साळवी साहेबांचा चेहरा लाल झाला. "परब, हे काय? तुम्ही पोलीस आहात की कामगार?"

डॉमनिक शांतपणे म्हणाला, "साहेब, वर्दी उतरवल्यावर कामगारच ना? ती तर तुम्हीच उतरवायला सांगताय."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही तुमचा?"

"तुमच्यावर आहे साहेब," मी म्हटलं. "पण उद्या तुमच्या खुर्चीत दुसरं कुणी असेल, त्याला तुमचा शब्द कसा दाखवू?"

मग आम्ही गप्प बसलो. शाह मॅडम आमच्याकडे बघत होत्या, आम्ही तळ्याकडे. शिंद्याचा पाय टेबलाखाली थडथड हलत होता, मी माझ्या चपलेने तो दाबून धरला. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी शाह मॅडमनी पान स्वतःकडे ओढलं.

"आजवर इथे कुणी हे वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, जरा नवलानेच. "मला वर विचारावं लागेल."

बाहेर आल्यावर शिंदे म्हणाला, "वाट लागली मॅडम. गेली नोकरी." तो तळ्याच्या कठड्याला टेकून उभा होता. त्याची काळजी मला कळत होती. माझ्या सांगण्यावरून तो आला होता, आणि त्याच्या घरी तीन पोरं दीडपट पगाराच्या हिशोबाने वाट बघत होती. दोन दिवस मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. 'किंवा' गेलं. आठ तास मान्य. वाढ मान्य, मागितली त्याहून कमी, पण कागदावर. विमा नवरा-बायको आणि मुलांना, आईवडिलांना नाही. डॉमनिकची आई म्हातारी, त्याच्यासाठी हे लागणारं होतं, पण तो म्हणाला, "चारातले साडेतीन मिळाले गं. आयुष्यात पहिल्यांदा मागितलं, त्या मानाने झकास."

सही करायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा हिशोबाला बसले. क्वार्टर सोडायचं म्हणजे अश्विनीच्या कॉलेजाजवळ, मोहनच्या बसच्या डेपोजवळ भाड्याचं घर बघायचं. मोहन आणि मी चार ठिकाणी फिरलो. जे भाडं सांगत होते आणि जे डिपॉझिट मागत होते, त्यात वाढलेला पगार जवळजवळ सगळा जात होता. डॉमनिकचं स्वतःचं घर होतं मढला. शिंद्याचा फ्लॅट भाड्याने जाणार होता. माझं असं काहीच नव्हतं. म्हणजे ज्या करारासाठी मी एवढी भांडले तो मलाच परवडत नव्हता.

मी सही केली नाही. लोकांना वाटतं, हिला वर्दी सोडवली नाही. वर्दीचं प्रेम होतंच, खोटं कशाला बोलू. पण भाडंही होतं. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर आलं, हे माझं नशीब.

डॉमनिक आणि शिंद्याने सह्या केल्या. तीन महिन्यांची नोटीस भरून दोघं एकाच दिवशी गेले. शिंद्याने जाताना माझ्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि केळ्यांबद्दल काही बोलू नका, असं डोळ्यांनीच सांगितलं. त्यांच्या जागी दोन महिने कुणी आलं नाही, मग दोघांचं काम आम्ही उरलेल्यांनी वाटून घेतलं. त्या दिवसांत मला त्यांचा रागही आला. तेही खरंच आहे.

पुढे काय झालं तेही सांगते. कंपनीने त्या दोघांना तीन वर्षांत एकदाही 'गरज नाही' म्हटलं नाही, म्हणता येतच नव्हतं. डॉमनिकने पहिल्या वर्षीच आपल्या हाताखालच्या गार्डांना जेवणाच्या सुट्टीत बसवून त्यांचे करार वाचून दाखवायला सुरुवात केली. साळवी साहेबांनी बोलावून झापलं, तर हा म्हणाला, "साहेब, नुसतं वाचतोय. गुन्हा आहे का?" दुसऱ्या वर्षी त्याच्या संकुलातल्या गार्डांच्या कागदातही महिनाभराच्या नोटिशीचं कलम आलं. एका फोनवर घरी पाठवणं बंद झालं. मोठं काही नाही, पण आलं. शाह मॅडमचा त्यात हात होता असं डॉमनिक म्हणतो. कांबळ्याला त्याने खूप शोधलं. तो खेडच्या बाजूला गावी गेला होता, निरोप पाठवला तरी परतला नाही. त्याच्यासाठी आम्हाला उशीर झाला.

अश्विनी पास झाली आणि बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात लागली. तिच्या नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा ती आणि मंदाताई मुलुंडच्या घरात तासभर ते वाचत बसल्या होत्या. हो, आमचं तिकडे जाणंयेणं आहे. यंदा निवृत्तीबरोबर क्वार्टर सुटलं, तेव्हा मिळालेल्या फंडाच्या पैशांत आम्ही लहानसं घर घेतलं, बरंच लांब, पण आपलं.

एक दिवस मात्र सांगायचाच आहे. त्या पहिल्या वर्षाचा नाताळ. मला मढच्या चर्चवर बंदोबस्त लागला. सकाळचा मिस्सा, कोवळं ऊन, अंगणात कागदी चांदण्या, नवे कपडे घातलेली पोरं, घराघरांतून तळणाचा वास. मी गेटवर उभी. प्रार्थना संपली आणि दारातून डॉमनिक बाहेर आला. कोट, टाय, हाताला धरलेली आई, मागे बायको आणि दोन्ही मुली. मी त्याला वर्दीशिवाय एवढं नटलेलं कधी पाहिलं नव्हतं.

सत्तावीस वर्षं दर नाताळला हा माणूस कुठल्यातरी दुसऱ्याच चर्चबाहेर ड्युटीवर होता. आपल्या गावात, आपल्या आईशेजारी, बाकावर बसून मिस्सा ऐकायची ही त्याची नोकरी लागल्यापासूनची पहिलीच वेळ.

मला बघून तो धावत आला. तेवढ्यात दोन गाड्या गेटात आडव्या अडकल्या आणि हॉर्न सुरू झाले. डॉमनिकने सवयीने हात वर केला, एकीला मागे घे म्हणाला, दुसरीला खुणेने काढलं. टाय खांद्यावर उडालेला.

"डॉमनिक," मी ओरडले, "सुट्टी आहे तुझी!"

तो थांबला. वर केलेल्या हाताकडे बघितलं आणि हसत सुटला. त्याची म्हातारी हळूहळू चालत आमच्यापर्यंत आली होती. तिने आधी त्याचा टाय सरळ केला, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, याला मी घेऊन जाते. तुझी ड्युटी सुटली की तूपण जेवायला ये."

"दोन वाजता सुटते आई."

"मग दोन वाजता बसू," ती म्हणाली. "आज घाई कुणाला आहे?"

आणि खरंच, त्या दिवशी मढला ते सगळे माझ्यासाठी दोन वाजेपर्यंत जेवायचे थांबले.